दोन बातम्या: एक बंद झाली, एक वाढत चालली

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. पण अर्ध्यावर सोडू नका. शेवटी जे लिहिलंय ते तुमच्या-माझ्या घरातलं आहे.

वीसेक वर्षं झाली, मी मोहोळमधनं बातम्या पाठवतोय. या धंद्यात काही वाक्यं हाताला इतकी सवयीची होतात की ती लिहिताना डोकं लागत नाही. त्यातलं एक वाक्य म्हणजे "हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने निधन झाले. मृत्यूसमयी ते अमुक वर्षांचे होते." आधी ते "अमुक वर्षं" पासष्ट, सत्तर असायचं. आता बेचाळीस, सत्तेचाळीस, एकदा तर चौतीस लिहिलं. फोटो मागवायचा, "त्यांच्या पश्चात" लिहायचं, पाठवून द्यायचं. का गेला, कसा गेला, वाचला असता का, असं आम्ही कुणी विचारत नाही. धक्का आला, गेला. जणू आभाळातनं वीज पडली.

दुसरी एक बातमी होती. "विंचूदंशाने बालकाचा मृत्यू." जुने वार्ताहर सांगायचे, उन्हाळा संपून पहिला पाऊस पडला की ही बातमी ठरलेली. रान तापलेलं, दगडी ताली, सरपणाचा ढीग, गोवऱ्या, जुनी मातीची घरं. विंचवाला याच्यापेक्षा काय पाहिजे? ही बातमी माझ्या हातनं गेल्या कित्येक वर्षांत गेलेली नाही. विंचू काय संपले नाहीत. आजही शेतात काम करणाऱ्याला विचारा, वर्षातनं एकदा तरी भेट होतेच. मग माणसं मरायची का थांबली?

एक बातमी बंद झाली आणि दुसरी वाढत चालली. मला वाटायचं या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण वाचत गेलो तसं कळलं की दोन्ही बातम्या हृदयाच्याच आहेत. आणि एकीचा इतिहास दुसरीला बरंच काही शिकवण्यासारखा आहे.

*

आधी घरचं सांगतो.

१९८८ ची गोष्ट. मी शाळेत होतो. सुट्टीत आत्याच्या गावाला गेलेलो. माझा आत्तेभाऊ नऊ वर्षांचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. संध्याकाळी चुलीसाठी सरपण आणायला गेला आणि ओरडत आला, "इंचू चावला." दगड उचलून लोकांनी विंचू मारला. लहानसा, तांबूस रंगाचा. कुणीतरी म्हणालं, "एवढासाच आहे, इंगळी न्हाई. काय होत न्हाई."

गावात विंचू उतरवणारा एक म्हातारा होता. त्यानं मंत्र टाकला, पाला चोळला. तासाभरात दुखायचं कमी आलं. सगळे म्हणाले, उतरला. पण पोराला उलट्या सुटल्या. अंग घामानं निथळत होतं आणि हातपाय बर्फासारखे गार. आत्या पांघरूण घालत होती, तो काढून टाकत होता. मध्यरात्रीनंतर श्वास लागला. तोंडातनं गुलाबी फेस आला. बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं होतं.

आत्या पुढं आयुष्यभर म्हणायची, "माझ्या नशिबातच न्हवता." मीही तेच समजत होतो. फार उशिरा, पत्रकार झाल्यावर, एक तारीख वाचनात आली आणि मी सुन्न झालो. त्या तारखेपाशी येतोच.

*

१९७६ साली रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव साळुबा बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी, मिळेल ते काम करत शिकलेले, नागपूरच्या मेडिकल कॉलेजातनं एम.बी.बी.एस. त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय, 'बॅरिस्टरचं कार्टं'. मिळालं तर जरूर वाचा.

बिरवाडीत त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं यायची. कॉलेजात शिकलेलं असं की विंचू चावला की दुखतं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्यायचं. इथं मात्र पोरं दुखण्यानं मरत नव्हती. उलट्या, घाम, गार हातपाय, मग धाप, मग फेस. माझ्या आत्तेभावाचं जे झालं, अगदी तेच.

या डॉक्टरांनी काय केलं? पेशंटच्या उशाशी बसले. रात्र-रात्र बसले. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं वहीत लिहीत गेले. बदली मागून शहरात निघून जाता आलं असतं. पण ते बसून राहिले आणि लिहीत राहिले.

त्या वह्यांमधनं जे दिसलं ते असं. तांबड्या विंचवाचं विष नसांच्या टोकांना जणू चावी देतं. शरीरात भीतीच्या वेळी जी रसायनं सुटतात, त्यांचा एकदम पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब भसकन वाढतो. आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, त्याच्या स्नायूवर विषाचा परिणाम होतो, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. गुलाबी फेस तो त्याचाच. म्हणजे विंचू चावतो बोटाला आणि माणूस मरतो हृदयानं.

मंत्रानं उतरतो असं लोकांना का वाटायचं, तेही यातनं कळतं. बहुतेक वेळा चावणारा विंचू साधा असतो. मोठ्या काळ्या इंगळीला आपण घाबरतो, पण तिच्यानं सहसा जीव जात नाही. दुखणं काही तासांनी आपोआप कमी होतं आणि श्रेय मंत्राला जातं. खरा धोका लहान, तांबूस विंचवाचा. आणि त्यात दुखणं कमी झालं म्हणजे धोका टळला असं मुळीच नाही. चावलेल्या जागी फारसं दुखत नाही, पण अंग घामेजलेलं आणि हातपाय गार, ही खरी घाबरायची खूण.

१९८२ साली डॉ. बावस्करांचा लेख इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आला. हृदयावर परिणाम होणार आहे हे कोणत्या लक्षणांवरनं आधी ओळखायचं, हे त्यात होतं. मधल्या काळात त्यांनी पुण्याला एम.डी. केलं आणि पुन्हा महाडच्याच भागात परतले. रक्तवाहिन्या आवळल्यात तर त्या सैल करायच्या, हा विचार पक्का झालेला. त्यासाठी 'प्राझोसिन' नावाची एक गोळी होती. रक्तदाबाची. स्वस्त, तोंडानं घ्यायची, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येईल अशी. विषानं जे दार दाबून धरलं होतं, ते ही गोळी सोडवते.

"प्राझोसिन विंचूदंशात उपयोगी पडतं", हे सांगणारा त्यांचा लेख लॅन्सेटमध्ये छापून आला. साल १९८६.

हीच ती तारीख. माझा आत्तेभाऊ गेला १९८८ ला. उत्तर दोन वर्षं आधी छापून झालं होतं. ते उत्तर शोधणारा माणूस मराठी बोलत होता, याच महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात बसून त्यानं ते शोधलं होतं. लंडनला पोचलं, पण महाडवरनं सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या आत्याच्या दारापर्यंत पोचलं नाही. हे नशीब नव्हे. हा रस्ता न झाल्याचा प्रश्न आहे.

पुढं तो रस्ता झाला, हळूहळू. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर वर्षानुवर्षं लिहीत राहिले, गावोगावच्या डॉक्टरांना शिकवत राहिले. ज्या गंभीर विषबाधेत पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त दगावायचे, तिथं ते प्रमाण एक-दोनपर्यंत खाली आलं. २०११ साली दोघांचा आणखी एक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. महाडला ७० रुग्णांवर केलेला. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची लस. लस जोडीला दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. २०२२ ला डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर त्यांची खरी पद्मश्री म्हणजे माझ्या हातनं न गेलेल्या त्या सगळ्या बातम्या.

*

आता जरा मागं जाऊ. प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. आज गल्लीत दर चार घरांत बीपीची गोळी सापडेल. पण ऐंशी वर्षांपूर्वी बीपीला नीट औषधच नव्हतं, हे आपल्याला खरं वाटत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, दिमतीला डॉक्टरांची फौज, आणि डॉक्टरांकडं द्यायला काय? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेचं औषध. आज आपल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात मिळणारी साधी गोळी त्यांना मिळाली असती तर युद्धानंतरचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता.

हे चित्र बदलायला मुंबईचा मोठा हात लागला. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. तिचं मूळ वेडावर, निद्रानाशावर वैद्य देत आले होते. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वाढलेल्या रक्तदाबावरही चालते असं लिहिलं. पण ते भारतातच राहिलं. मुंबईत केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन रक्तदाब मोजत नोंदी केल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या छापल्या. तिथनं जग जागं झालं. बोस्टनला डॉ. विल्किन्स यांनी ते वाचून तिकडं वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातनं 'रिसर्पिन' हे द्रव्य वेगळं काढलं. १९५७ ला डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण खरा निकाल १९६७ ला लागला. तोवर डॉक्टरांमध्येच वाद होता की रक्तदाब खाली आणून जीव वाचतो का, की नुसता आकडा सुधारतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांनी फार जास्त रक्तदाब असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला किंवा ते दगावले. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. वाद मिटला. आणि त्या औषधात तीन घटक होते, त्यातला एक रिसर्पिन. आपल्या सर्पगंधेच्या मुळातला.

(इथं एक सांगून ठेवतो. हे वाचून कुणी सर्पगंधेची पावडर शोधत फिरू नका. रिसर्पिननं काही लोकांना खिन्नता यायची, म्हणून पुढं चांगल्या गोळ्या आल्यावर डॉक्टरांनी तिचा वापर जवळपास थांबवला. इतिहासाचा मान राखायचा, औषध मात्र आजचं घ्यायचं.)

*

त्याच केईएममध्ये पुढच्याच वर्षी जगभर गाजलेली गोष्ट झाली. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईत भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पुढं भारतात मेंदूमृत माणसाचे अवयव घेण्याचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी प्रत्यारोपण केलं.

डॉ. सेन यांचं धाडस मोठंच. साधनं तुटपुंजी, कायदा नाही, तरी केलं. पण पत्रकार म्हणून मला एक कबूल करावं लागेल. प्रत्यारोपणाची बातमी पहिल्या पानावर येते. आजही हृदय घेऊन रस्ते मोकळे करत गाडी धावली की आम्ही धावतो. डॉ. वकिलांची मुळी आणि डॉ. बावस्करांची गोळी आमच्या पहिल्या पानावर कधी आली नाही. माणसं मात्र जास्त त्यांनीच वाचवली.

*

आता दुसऱ्या बातमीकडं.

१९८६ च्या लॅन्सेटमध्ये प्राझोसिनचा लेख आला, त्याच्या आसपासच त्याच साप्ताहिकात इटलीतला एक अभ्यास छापून आला. हार्ट अटॅक आलेल्या जवळपास १२ हजार रुग्णांचा. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू उपाशी मरायला लागतो. या लोकांनी 'स्ट्रेप्टोकायनेज' हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. मृत्यू कमी झाले. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढंच होती. दुखायला लागल्यापासून पहिल्या तासात ज्यांना ते मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जसजसा उशीर, तसतसा फायदा कमी. दोन वर्षांनी, १९८८ ला, १७ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासानं दाखवलं की साधी ॲस्पिरिनची गोळीसुद्धा अशा वेळी मृत्यू जवळपास पावपटीनं कमी करते, आणि दोन्ही मिळून आणखी जास्त.

म्हणजे बघा. विंचवाचं उत्तर आणि हार्ट अटॅकचं उत्तर एकाच वर्षी, एकाच साप्ताहिकात छापून आलं. पहिलं आपल्या गावापर्यंत उशिरा का होईना पोचलं. दुसरं?

भारतातल्या ८९ दवाखान्यांतल्या २० हजारांहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास २००८ मध्ये आला. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, ते त्यात पाहिलं. निम्म्या लोकांना ३६० मिनिटं किंवा जास्त लागली. सहा तास. पहिल्या तासाचं महत्त्व वर सांगितलंय. त्याच अभ्यासात दिसलं की गरिबांमध्ये महिन्याभरातले मृत्यू १०० मागं ८ च्या पुढं होते, श्रीमंतांमध्ये साडेपाच.

ते सहा तास कुठं जातात, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः त्यातले काही घालवलेत.

चार वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमाराला एका मित्राचा फोन आला. शेहेचाळीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. म्हणाला, "छातीत जड वाटतंय, घाम यायलाय. संध्याकाळी ढाब्यावर जेवलो, त्यानं असेल का?" मी काय म्हणलं? "ॲसिडिटी असेल. सोडा पी, झोप. सकाळी बघू." मी, रोज 'हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने' लिहिणारा माणूस. सकाळी नऊला त्याला डॉक्टरकडं नेला. ईसीजी काढला, डॉक्टरांचा चेहरा बदलला, ताबडतोब सोलापूरला न्या म्हणाले. सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या अलीकडं तो गेला. दुपारी त्याच्याच निधनाची बातमी मी लिहिली. तेच वाक्य.

त्या दिवशी मला आत्तेभावाच्या उशाशी मंत्र टाकणारा म्हातारा आठवला. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यानं पाला दिला, मी सोडा दिला.

*

गेल्या काही दशकांत हृदयाचं शास्त्र कुठल्या कुठं गेलंय. १९७७ ला झुरिकमध्ये ग्रुंट्झिग यांनी फुगा घालून पहिली अँजिओप्लास्टी केली. मग स्टेंट आले. जपानचे अकिरा एंडो यांनी बुरशीत कोलेस्टेरॉल कमी करणारं द्रव्य शोधलं, त्यातनं स्टॅटिनच्या गोळ्या आल्या. २००२ ला फ्रान्समध्ये छाती न उघडता, नळीतनं हृदयाची झडप बसवली गेली. मधुमेहाची म्हणून आलेली डापाग्लिफ्लोझिन ही गोळी दुबळ्या हृदयालाही आधार देते, असं २०१९ ला सिद्ध झालं. पुढं तिचं पेटंट संपलं आणि आपल्याकडं ती स्वस्त झाली.

आणि सोयीही काही कमी आल्या नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर होता. आज तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना. अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसतात. २०१४ च्या जानेवारीत १०८ च्या ९३७ गाड्या राज्यात सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१७ ला केंद्रानं स्टेंटची किंमत बांधून दिली. औषध लावलेला जो स्टेंट लाखाच्या पुढं विकला जायचा, तो ₹२९,६०० वर आला. २०१७ च्याच शेवटी उच्च रक्तदाब नियंत्रणाची मोहीम देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे त्यात होते. तिच्यात नवीन काय? काहीच नाही. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, त्या जवळच्या केंद्रात कायम शिल्लक ठेवायच्या, दर महिन्याला बीपी मोजायचं आणि न आलेल्या माणसाला फोन करायचा. डॉ. वकिलांनी १९४९ ला जे केलं, तेच. मोजा, लिहा, द्या, पुन्हा मोजा.

शास्त्र आहे, योजना आहे, गाडी आहे. मग आपली माणसं का जातायत?

एक कारण, आपल्याला वाटतं हे जाड्या, श्रीमंत, शहरी लोकांचं दुखणं. "मी काटक हाय, रानात राबतो, मला काय होतंय?" यावर पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचा. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघंही अंगानं सारखेच दिसणारे, उंची-वजनाच्या हिशोबानं दोघांचा आकडा अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरनं बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी लपलेली असते, ती पोटात, लिव्हरभोवती. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा त्यांनी १९९३ पासनं अभ्यास केला, तेव्हा ही गोष्ट बाळ जन्मतानाच दिसली. म्हणजे काटा कमी दाखवतोय म्हणून बिनघोर राहू नका. त्यात आपल्याकडं मावा, बिडी, लोणचं-पापड, खारे दाणे आणि रात्रीची जागरणं आहेतच.

दुसरं कारण, उशीर. माझ्यासारखे सोडा पाजणारे. तिसरं, मोजतच नाही. बीपी वाढलेलं दुखत नाही ना. विंचू निदान ओरडायला तरी लावतो.

*

म्हणून आज एवढंच मागतो.

छातीत जड, आवळल्यासारखं, त्याबरोबर घाम, धाप, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत दुखणं. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता नुसतीच धाप, अशक्तपणा, मळमळ होऊ शकते. असं झालं तर सोडा नाही, ओवा नाही, "सकाळी बघू" नाही. १०८ लावा. जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं पोचा, मध्यरात्र असली तरी. ॲस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरला फोनवर विचारा, कारण काहींना ती चालत नाही. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं वर्षातनं एकदा तरी बीपी आणि साखर मोजा. १४० वर ९० किंवा त्याच्या पुढं दोन-तीनदा आलं तर डॉक्टरला भेटा. आणि बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतंय.

विंचू चावला तर मंत्रात वेळ घालवू नका. लहान पोर असेल तर थेट सरकारी दवाखाना. घाम आणि गार हातपाय बघा. गोळी मनानं देऊ नका, तिचं प्रमाण डॉक्टरच ठरवतात.

आणि माझ्याकडनं. पत्रकार म्हणून पुढच्या महिन्यापासनं तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात जाऊन तीनच गोष्टी विचारणार आहे. ईसीजी मशीन चालू आहे का? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सगळ्यात जवळ कुठं मिळतं आणि रात्री ते देणारं कोण असतं? बीपीच्या गोळ्या शिल्लक आहेत का? उत्तर चांगलं असेल तर चांगलं लिहीन, नसेल तर तसं लिहीन. कुणाला बदनाम करायला नाही. १९८६ ला छापलेलं उत्तर २०२६ ला तरी आपल्या गावात पोचलंय का, एवढंच बघायचंय.

आत्या गेली तेव्हा ऐंशीच्या पुढं होती. शेवटपर्यंत "नशिबातच न्हवता" म्हणत राहिली. प्राझोसिनबद्दल मी तिला कधी सांगितलं नाही. सांगून तिला काय मिळालं असतं? पण तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्या हातात अजून वेळ आहे.

खाली कमेंटमध्ये तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते लिहा. आकडा नको, नुसती तारीख. तारीख आठवत नसेल तर उद्या सकाळी जाऊन या, मग लिहा. मी मागच्या मंगळवारी मोजलं.